काळ्या डोळ्यांचे गॅनेट

स्कॉटलंडमधल्या नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून समोर समुद्रात बास रॉकचा प्रचंड कातळ दिसतो. उन्हाळ्यात तो पांढराफटक असतो आणि दुर्बीण लावली की तो पांढरा रंग चक्क हलताना दिसतो. हे सगळे गॅनेट, म्हणजे मोठे पांढरे समुद्रपक्षी. २०१४ च्या गणनेत इथे त्यांची ७५ हजारांवर घरटी होती. तेव्हा ही गॅनेटची जगातली सगळ्यात मोठी वसाहत होती. आमच्या नवेगावबांधच्या तलावावर हिवाळ्यात बदकं येतात, पण ती अशी एकमेकांना चोच पोचेल एवढ्याच अंतरावर दाटीवाटीने बसत नाहीत.

एडिनबराहून रेल्वेने जेमतेम अर्ध्या तासाचं अंतर. आम्ही चौघी मैत्रिणी तिथे जाऊन रेखाटनं करतो आणि घरी येऊन लिनोवर, म्हणजे छाप काढायच्या मऊसर तक्त्यावर, कोरतो. एक कुंभारकाम करते, एक शाळेत शिकवते, एक पोलंडची छापचित्रकार आणि मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातली, समुद्र फक्त नकाशात पाहिलेली. लांबलचक एकच चित्र करायचं, प्रत्येकीने आपला तुकडा कोरायचा, असं ठरलं. थंडीत लिनो कडक होतो, हात घसरतो, म्हणून तो आधी हीटरवर ठेवून मऊ करावा लागतो. व्हिडिओ कॉलवर आईने ते पाहिलं आणि म्हणाली, "काय बाई, पापड शेकून राहिली का?"

माझ्या तुकड्यात पायही होते. गॅनेटचे पाय काळे, पण प्रत्येक बोटावरून फिकट हिरवी रेघ जाते. अंडं एकच, आणि ते पोटाखाली नाही, तर पायांच्या पडद्यांखाली धरून उबवतात! हे कळल्यावर पाय कोरायला मी दुप्पट वेळ घेतला.

भांडण झालं ते डोळ्यांवरून. २०२२ मध्ये इथे बर्ड फ्लू आला, पक्षी मेले, २०२३ च्या गणनेत घरटी सुमारे ५२ हजारांवर आली. जे वाचले त्यांतल्या काहींची बुबुळं फिकट निळ्याची काळी झाली. पोलंडच्या मैत्रिणीचं म्हणणं, मेलेले पक्षी दाखवलेच पाहिजेत. शिक्षिकेला भीती, लोक पाहणारच नाहीत. इथे चित्रांत खपतो तो पफिन, रंगीत चोचीचा छोटा समुद्रपक्षी. (पफिन गोड आहे, मान्य, पण बास रॉक काही त्याचा नाही.) शेवटी कुंभारकाम करणारीने तोडगा काढला. लिनोत कोरलेला भाग छापात कोराच राहतो. म्हणून फिकट डोळा हवा तर बारीक गोल कोरून काढायचा, काळा हवा तर तिथे कटर लावायचंच नाही. मग प्रत्येकीने आपल्या तुकड्यातले काही डोळे तसेच सोडले. छाप काढल्यावर लांबून काही कळत नाही. जवळ गेलं की गर्दीतून ते काळे डोळे आपल्याकडे पाहतात. मला तर मेलेल्या पक्ष्यांपेक्षा हेच जास्त बोचलं.

भाचीला फोटो पाठवले, तर तिचा प्रश्न, "मावशी, आपल्या सारसाचं काहून नाही करत?" बरोबर आहे तिचं. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याकडेच उरलेत, आणि घरटं करतात ते ऐन धानाच्या बांधीत. दिवाळीत येताना कटर चेक-इन बॅगेत टाकणार आहे. तिला सांगितलंय, तोवर तिच्या मैत्रिणी गोळा कर, सारसाचे पाय नीट पाहून ठेव, पण बांधावरूनच. घरट्याकडे फिरकायचं नाही, आणि बांधीच्या मालकाला आधी विचारायचं.