‘कार्ड गेलंय’ म्हणून तीनदा आलेला सीपीयू

एका मुलाचा तोच सीपीयू तिसऱ्यांदा माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर येणार होता. तक्रारही तीच, ‘गेम अडखळतो, कार्ड गेलंय.’ आधीच्या दोन्ही खेपांना मी धूळ काढली, गेमचं चित्र काढणारं ग्राफिक्स कार्ड, आरटीएक्स ३०६०, स्लॉटमधून काढून पुन्हा नीट बसवलं, थर्मल पेस्ट बदलली, ड्रायव्हर काढून नव्याने टाकला, तासभर पूर्ण लोडवर चालवून पाहिलं. तापमान सत्तरच्या आत, गेम अगदी सुरळीत. ‘काही दोष नाही’ म्हणून परत दिला, की दोन दिवसांत पुन्हा फोन.

घरी अडखळतो आणि माझ्याकडे अडखळत नाही, तर फरक त्याच्या टेबलात आणि माझ्या टेबलात असणार. हे पहिल्याच खेपेला सुचायला हवं होतं. दुरुस्तीला लोक नुसता सीपीयू आणतात आणि आम्ही तो आमच्या मॉनिटरला जोडतो. माझ्या टेबलावरचा मॉनिटर २४ इंची, १९२० × १०८० पिक्सेलचा. मी त्या मुलाला सांगितलं, या वेळी मॉनिटर आणि केबल दोन्ही घेऊन ये.

तो थोरल्या बहिणीबरोबर आला. खोक्यातून मॉनिटर बाहेर काढला आणि मला अर्धं उत्तर तिथेच मिळालं. २७ इंची, ४के (३८४० × २१६० पिक्सेल), ६० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा. घेऊन महिनाही झाला नव्हता.

“ताईने पहिल्या पगारातून घेऊन दिलाय,” तो हळू आवाजात म्हणाला. त्यानंतर मॉनिटरचं नावसुद्धा घेईना. “काका, कार्डच बदलायचं का?”

मी तोच गेम, तीच सेटिंग्ज ठेवून आधी माझ्या मॉनिटरवर चालवला. सेकंदाला ८० च्या आसपास फ्रेम, म्हणजे कार्डाने काढलेली चित्रं. मग त्याचा मॉनिटर लावून ३८४० × २१६० वर गेममधली तीच जागा चालवली. २७ फ्रेम. कार्डाचा वापर ९९ टक्के, प्रोसेसर निवांत. कॅमेरा फिरवला की चित्र तुटक तुटक सरकत होतं. पोरगं खोटं बोलत नव्हतं आणि कार्डही आजारी नव्हतं.

“पण कार्ड १२ जीबीचं आहे ना?” ताईने विचारलं. “ते बघूनच तर मी ४के घेतला.”

तिने चौकशी न करता घेतला नव्हता, हे मला फार महत्त्वाचं वाटलं. चूक होते ती नेमकी इथेच. कार्डाच्या खोक्यावर सगळ्यात ठळक आकडा मेमरीचा असतो, म्हणून माणूस त्यावरून ताकद जोखतो. मेमरी म्हणजे सामान ठेवायची जागा. काम करणारे हात वेगळे. त्या हातांना कूडा कोर म्हणतात. या ३०६० मध्ये मेमरी १२ जीबी आणि कूडा कोर ३५८४. त्याच पिढीतलं आरटीएक्स ३०८० २०२० साली आलं ते १० जीबीचं, पण त्यात ८७०४ कोर. मेमरी कमी असूनही ते कितीतरी पुढे. आमच्या चाचणीत ४के वरही साडेआठ जीबीच भरली होती. जागा शिल्लक होती, हात कमी पडत होते.

मग कागदावर गुणाकार करून दाखवला. १९२० × १०८० म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल. २५६० × १४४० म्हणजे ३६,८६,४००. आणि ४के म्हणजे ८२,९४,४००, बरोबर चौपट. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर एवढे सगळे पिक्सेल रंगवायला कार्डाला दर फ्रेममागे १६.७ मिलिसेकंद मिळतात. त्याला ३७ लागत होते. (काम चौपट होऊनही वेग चौथाईवर आला नाही, कारण फ्रेममधली काही कामं पिक्सेलच्या संख्येवर अवलंबून नसतात.)

मॉनिटर ठेवूनच काही जमतं का, हेही मी मनापासून पाहिलं. गेम १०८० वर उतरवला, तर एका पिक्सेलच्या जागी चार बसतात, हिशेब जुळतो, पण २७ इंचांवर हाताच्या अंतरावरून कडा जाडसर दिसतात. १४४० वर उतरवला, तर एका पिक्सेलला दीड पिक्सेल येतो आणि अक्षरं फिसकटल्यासारखी होतात. डीएलएसएस हे चित्र वाढवायचं तंत्र ‘परफॉर्मन्स’ या सेटिंगवर लावलं. त्यात कार्ड आतून १०८० चं चित्र काढतं आणि ते ४के पर्यंत वाढवतं. आकडा ५५ वर गेला. हा मार्ग खरोखर चांगला आहे, आणि संथ, गोष्टीचे गेम खेळणाऱ्याला मी तोच सुचवला असता. पण हा मुलगा मित्रांबरोबर नेमबाजीचे झटपट गेम खेळणारा. त्याचा जुना मॉनिटर १४४ हर्ट्झचा होता. नवा सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलणार, मग कार्डाने कितीही फ्रेम काढोत.

आतल्या खोलीतून मी माझा २७ इंची १४४० चा, १४४ हर्ट्झचा मॉनिटर आणून जोडला. त्याच गेमला ५४ फ्रेम. आकडा साठच्या खालीच, पण मॉनिटर कार्डाच्या वेगाशी जुळवून घेणारा, त्यामुळे हलणारं चित्र कुठे तुटेना. मग त्याचा नेमबाजीचा गेम लावला, तो १३० च्या पुढे. मुलगा खुर्चीत पुढे सरकून बसला. तीन खेपांत पहिल्यांदाच त्याचा चेहरा मोकळा झाला.

ताई पडद्याकडे बघतच नव्हती. त्याच्याकडे बघत होती.

“तुला माहीत होतं?”

तो थोडा वेळ गप्प राहिला. “पहिल्याच रात्री कळलं होतं. जुना लावला की नीट चालायचं.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

यावर तो काही बोलला नाही. तिनेही पुन्हा विचारलं नाही. मॉनिटर खोक्यात घालायला लागली, थर्माकोलचे तुकडे आधी होते तसेच बसवत. मध्येच बिल उघडून तारीख पाहिली. बदलून घ्यायला अजून चार दिवस होते. “१४४० आणि १४४ हर्ट्झ, एवढंच बघायचं ना?” तिने विचारलं. मी म्हटलं, वेग जुळवून घेणारा आहे का, तेही विचारा. तिने ते बिलाच्या मागे लिहून घेतलं.

तोवर मुलाने चाचणीचा तो मोठा गेम पुन्हा उघडून सावल्यांची सेटिंग एक पायरी खाली आणली होती. कोपऱ्यातला आकडा ६१ दाखवत होता.