तीन रविवार आणि नऊ ग्रॅमचा सर्वो

माझं पहिलं ग्लो इंजिनवालं ट्रेनर, म्हणजे शिकाऊंसाठीचं रेडिओवर उडणारं मॉडेल विमान, महिन्याभरात जोडून झालं आणि आठ-दहा वेळा छान उडालंही. मग अडलो थ्रॉटलच्या सर्वोवर, म्हणजे रेडिओच्या इशाऱ्यावर इंजिनाचा वेग कमी-जास्त करणाऱ्या छोट्या मोटरवर, ज्याचा मी धड पाच मिनिटंही विचार केला नव्हता.

इंजिन ४६ चं, म्हणजे साडेसात सीसीचं टू-स्ट्रोक. त्याचा कार्ब्युरेटर बोटानं फिरतो, मग जोर हवाय कशाला? दुकानदारही म्हणाला, "साहेब, सगळे हाच नेतात." घेतला ९ ग्रॅमचा, प्लास्टिक गिअरवाला, आणि दिला डबल टेपनं इंजिनमागच्या प्लायवर चिकटवून.

पुढचे तीन रविवार मात्र पाण्यात गेले. आयडलला, म्हणजे सगळ्यात कमी वेगावर, इंजिनाचा आवाज आपोआप चढायचा, उतरायचा. मी सगळा दोष मिश्रणाला दिला. मिश्रण ठरवणारी सुई दोन खटके उघडली, एक बंद केली, परत उघडली. ग्लो प्लग बदलला. टाकीतली नळी कुठे चिरली आहे का, तेही पाहिलं. इंधन नुसतं जमिनीवर जाळत बसलो, हाताचा इंधनातल्या एरंडेलाचा वास जाईना. तिसऱ्या रविवारी मैदानावरचे एक काका उठून आले. "अहो, त्या सुईला किती छळाल? इंजिन बंद करा आणि नुसता रेडिओ चालू करा."

केला. स्टिकला हात नव्हता, तरी सर्वोचा हॉर्न, म्हणजे फिरणारा दांडा, थरथरत होता. कुर्र, कुर्र. स्टिक जरा पुढे नेली की गप्प, परत तिथेच आणली की कुर्र. हॉर्न कुठे आहे हे सर्वोला आतला पोटेन्शिओमीटर, म्हणजे पॉट, सांगतो. थ्रॉटलचा सर्वो बराच वेळ एकाच जागी उभा आणि इंजिन त्याला सतत हादरवतंय, त्यामुळे पॉटचा नेमका तेवढाच पट्टा घासला होता. मी मेटल गिअरवाला आणायला निघालो, तर काका म्हणाले, "दात धातूचे झाले, पण आतला पॉट तसाच ना?"

त्यांच्याकडे पडून असलेला फुटाबा एस-३००३ त्यांनी दिला. ३७ ग्रॅम. अडीच किलोच्या विमानात मी २८ ग्रॅम वाचवायला गेलो होतो! टेप काढून टाकली. स्क्रूच्या भोकांत रबरी ग्रोमेट (हादरे शोषणाऱ्या चकत्या) लावले आणि त्यात पितळी आयलेट (छोट्या नळ्या) खालून घातले, चपटी कडा लाकडाकडे. स्क्रू ग्रोमेट चेपेपर्यंत आवळायचे नाहीत, नाहीतर रबर असून नसल्यासारखं.

हो, एक राहिलं. थ्रॉटल पूर्ण बंद केल्यावर नवा सर्वोही गुणगुणायला लागला. हा दोष वेगळा: कार्ब्युरेटर टेकला तरी सर्वो ढकलतच होता आणि रिसीव्हरची बॅटरी फुकट पीत होता. पुशरॉड, म्हणजे सर्वो आणि कार्ब्युरेटर जोडणारी तार, हॉर्नच्या आतल्या भोकात घेतला आणि उरलेलं ट्रान्समीटरवर एंड पॉइंट (सर्वो कुठवर फिरेल ती मर्यादा) कमी करून मिटवलं. हे खरं तर सगळ्यात आधी बघायचं. फेलसेफही, म्हणजे सिग्नल तुटला तर सर्वोनं कुठे जायचं ते, तेव्हाच लावा. मी प्रोपेलर काढून ट्रान्समीटर बंद केला, तर थ्रॉटल होता तिथेच उघडा राहिला! आता आयडलला येतो.

जुना सर्वो घेऊन दुकानात गेलो. "इलेक्ट्रॉनिक वस्तू परत नाही," म्हणाला, आणि माझ्यासमोर तसलाच दुसरा एका कॉलेजच्या मुलाला ग्लो इंजिनासाठी काढून दिला. त्या मुलाला मी बाहेर गाठलं.