निकालाआधीचे अभिनंदन

डिसेंबर 2020 मध्ये ग्रामपंचायतींची मतमोजणी चालू होती, त्या दिवशी मी बेळगावातल्या एका फ्लेक्सच्या दुकानात घरच्या कार्याचा फलक घ्यायला गेलो होतो. तेवढ्यात खानापूरकडचे एक गृहस्थ घाईघाईने आत शिरले आणि पुतण्याच्या अभिनंदनाचा फलक लगेच छापायला सांगू लागले. मोजणी अजून संपलेली नाही, असे दुकानदाराने सांगून पाहिले, त्यावर ते म्हणाले, "अहो, एकदा वेशीत बोर्ड लागला की फेरमोजणी मागायला कोण येतंय?"

मला एकदम आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचे 24 सप्टेंबर 2018 चे निवेदन आठवले. मालदीवमध्ये आदल्याच दिवशी अध्यक्षपदासाठी मतदान झाले होते. प्राथमिक माहितीनुसार इब्राहिम मोहम्मद सोलिह विजयी झाल्याचे नमूद करून भारताने त्यांचे अभिनंदन केले आणि निवडणूक आयोगही या निकालावर लवकरात लवकर अधिकृत शिक्कामोर्तब करील, अशी आशा व्यक्त केली. दोन राज्यांच्या दाव्यांत वाढलेल्या आम्हा सीमावासीयांना सरकारी शब्द तोलून वाचण्याची खोडच लागलेली असते. त्यामुळे त्या 'आशे'तला बजावणीचा सूर माझ्या कानातून सुटला नाही.

ही घाई अस्थानी नव्हती. 2013 मध्ये पहिल्या फेरीत सुमारे 45 टक्के मते घेऊन आघाडीवर राहिलेल्या मोहम्मद नशीद यांचे यश तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती फेरीच रद्द करून पुसून टाकले होते आणि नोव्हेंबरात अब्दुल्ला यामीन निवडून आले होते. त्याच यामीन यांनी फेब्रुवारी 2018 मध्ये आणीबाणी लादली आणि सरन्यायाधीशांनाही अटक झाली. अशा माणसाच्या हाती निकाल आठवडाभर लोंबकळत राहणे धोक्याचे होते. आपल्या निवडणुकीबाबत कुणी असा आगाऊपणा केला असता तर आपण तो खपवून घेतला नसता, हेही खरे. तरीही मला तो निर्णय पटतो. सुमारे 58 टक्के मते सोलिह यांच्या पारड्यात होती, यामीन यांनी त्याच दिवशी पराभव मान्य केला, पुढे मात्र ते न्यायालयात गेले आणि तिथे त्यांची याचिका फेटाळली गेली. 17 नोव्हेंबरच्या शपथविधीला पंतप्रधान मोदी स्वतः माले येथे हजर राहिले.

माझ्या मते खरी कसोटी 2023 मध्ये लागली. भारतीय सैनिकांना परत पाठवण्याचे आश्वासन देऊन प्रचार केलेले मोहम्मद मुइझू 30 सप्टेंबरच्या दुसऱ्या फेरीत सोलिह यांना हरवून विजयी झाले. दुसऱ्याच दिवशी मोदींनी त्यांचे अभिनंदन केले; शपथविधीला मात्र या वेळी केंद्रीय मंत्री किरेन रिजिजू गेले. सोहळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुइझूंनी सैन्य मागे घेण्याची मागणी रिजिजूंसमोर ठेवली. दिल्लीने आदळआपट न करता बोलणी चालू ठेवली, भारताने मालदीवला दिलेली हेलिकॉप्टरे व डॉर्नियर विमान सांभाळायला सैनिकांच्या जागी बिगरलष्करी तंत्रज्ञ पाठवले आणि 10 मे 2024 पर्यंत सैनिक परत आणले. त्यानंतर महिनाभरातच, 9 जूनला, मोदींच्या शपथविधीसाठी मुइझू दिल्लीत पाहुणे म्हणून बसले होते.