पंख्याचा वारा

सायकलपटूंना शिकवण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय, पण आभासी शर्यतींचा एक धडा मला माझ्या शिष्येनेच शिकवला. शर्यत झ्विफ्टवर होती. घरात ट्रेनर नावाच्या यंत्रावर लावलेली सायकल चालवायची आणि पडद्यावर आपला अवतार धावतो, असं ते ॲप. मार्ग त्यातल्या वाटोपिया या काल्पनिक जगातलं व्होल्कॅनो सर्किट. फेरी 4 किलोमीटरच्या आसपास, बहुतेक सपाट. अशा आठ फेऱ्या. रस्त्यावर ती उत्तम सायकल चालवते, त्यामुळे मी निर्धास्त होतो. स्टिअरिंगला, म्हणजे हँडल वळवून पडद्यावरचा अवतार वळवायला, परवानगी होती, म्हणून मीच तिला सांगितलं, "प्रत्येक वळणावर आतली बाजू धर, तेवढंच अंतर वाचेल."

पाचव्या फेरीत तिची झुंड सुटली. मागे पडली ती पडलीच. ट्रेनरवरून उतरली तेव्हा डोळे भरून आले होते. "सर, मी त्यांच्यापेक्षा जास्त जोर लावत होते. मग मागे का राहिले?"

संध्याकाळी स्क्रीनचं रेकॉर्डिंग आम्ही दोघांनी मिळून पाहिलं. उजवीकडच्या यादीत तिच्या आजूबाजूच्या मुली वजनाच्या दर किलोमागे 3.4 वॉट ताकदीच्या आसपास होत्या. ही 4.3 वर. वेग सगळ्यांचा एकच. म्हणजे फेऱ्यामागून फेऱ्या ती त्याच वेगासाठी जास्त किंमत मोजत होती.

मग मी एकेक वळण थांबवून पाहू लागलो आणि घोटाळा समोर आला. एरवी सॉफ्टवेअर आपल्या अवताराला स्वतःहून पुढच्याच्या चाकामागे आणून ठेवतं. तुम्ही हँडल वळवलंत की ती राखण सुटते, मग चाक धरणं तुमच्या हाती. वळणावर आत शिरताना ती झुंडीच्या ओळीतून जेमतेम हातभर बाहेर येत होती. वळणात वाचायचे दोन-चार मीटर, आणि पुढच्या सरळ रस्त्यावर पुढच्या सायकलींमुळे मिळणारा वाऱ्यापासूनचा आडोसा गेलेला. सल्ला माझा होता, दमली ती.

पण तिला ते कळलं का नाही? रस्त्यावर तर ती डोळे मिटूनही आडोसा ओळखते. पुढच्याच्या मागे गेलं की कानातला घोंगाट बसतो, छातीवरचा वारा मऊ होतो, पाय आपोआप ढिले पडतात. दाट झुंडीत लागणारी ताकद पाव ते तिसऱ्या हिश्श्याने कमी होते, आणि हे शरीराला आकडे न बघता समजतं. खोलीत तसं काही नाही. तिच्यासमोर पंखा होता, तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जोराने तोंडावर वारा मारत होता. सपाट रस्त्यावर आडोशात गेल्याने ट्रेनर हलकाही होत नाही. पाय तेच वॉट देत राहिले तर वाढतो तो पडद्यावरचा वेग, मग अवतार पुढे सरकत झुंडीच्या तोंडावर उघडा पडतो. आडोशाचा फायदा घ्यायचा तर वॉट आपण कमी करायचे, तेही पडद्यावर परिणाम दिसायला लागणारा क्षणभराचा उशीर धरून. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मला तरी कुठे माहीत होतं!

पुढचे दहा दिवस आम्ही एवढंच केलं. झुंडीत शिरायचं, हात हँडलवर स्थिर ठेवायचे, आणि चाक न सुटू देता पाच-पाच वॉट उतरवत जायचं. कुठे सुटतं ती हद्द शोधायची. पहिले तीन दिवस ती चिडली. दम लागल्याशिवाय सराव झाल्यासारखं तिला वाटत नव्हतं, आणि यादीतला स्वतःचा आकडा खाली गेलेला तिला बघवत नव्हता. चौथ्या दिवशी ती 3.5 वर सबंध फेरी तरली आणि स्वतःहून म्हणाली, "अजून एक करू."

पुढच्या शर्यतीत तोच मार्ग होता. मी हेडफोनवर. सातव्या फेरीच्या शेवटी तिच्या नावासमोर 3.4, शेजारणींच्याही तितकाच. सबंध शर्यतीत तिने हँडल हलवलं नव्हतं.

शेवटचं वळण गेलं. "सर, आता निघू?"

"अजून नाही."

शर्यत संपते ती कमान दिसली. ती विचारायला थांबली नाही, एकदाच उजवीकडे वळली आणि उभी राहून पेडल मारू लागली.