तीन गॉर्मलाथ आणि एक चुकलेलं मर्ज (आयरिश राण्यांची वंशावळ, पुढचा अपडेट)

मागच्या खेपेला आयरिश राजा फ्लान शिन्नाचं घराणं ग्रॅम्प्समध्ये (वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये) भरून झालं होतं आणि आता ब्रायन बोरूकडे वळायचं ठरलं होतं. पण फाइल पुढे जायच्या ऐवजी मागे आली. चार्टमध्ये डब्लिनचा राजा सिट्रिक (मृत्यू १०४२) याचा सावत्र बाप म्हणून नीअल ग्लूनदुव झळकायला लागला. नीअल ९१९ मध्ये डब्लिनच्या लढाईत पडला, तोही थोरल्या सिट्रिकच्या, म्हणजे सिट्रिक केखच्या, सैन्यापुढे. हा केख धाकट्या सिट्रिकचा आजोबा. म्हणजे नातवाच्या सावत्र बापाला आजोबाने मारलं, आणि तेही नातू जन्माला यायच्या कितीतरी आधी!

गुन्हेगार सापडली: गॉर्मलाथ. एक नाही, तीन.

पहिली दोन्खाधची मुलगी, नीअल काल्येची बायको आणि एध फिंदलियाथची आई. अल्स्टरच्या अ‍ॅनल्समध्ये (वर्षवार बखरीत) ८६१ साली तिच्या मृत्यूची नोंद आहे आणि तिथे तिला ‘आयरिशांची अतिशय लाघवी राणी’ म्हटलंय. दुसरी फ्लान शिन्नाची मुलगी, मृत्यू ९४८. तिचे नवरे परंपरेने तीन: कॅशेलचा कॉरमाक (मृत्यू ९०८), लेन्स्टरचा केरवल (मृत्यू ९०९) आणि तारा या राजगादीचा नीअल ग्लूनदुव. तिसरी लेन्स्टरच्या मुरखाधची मुलगी, मृत्यू १०३०. तिची मुलं सिट्रिक आणि दोन्खाध, म्हणजे नवरे डब्लिनचा आमलाव कुआरान आणि कॅशेलचा ब्रायन बोरू. शिवाय ताराच्या माएल सेख्नलशीही तिचं नाव जोडतात.

दुसरी आणि तिसरी शेजारी ठेवून बघा. नाव एकच, राजांशी लग्नं तीन, त्यात एक कॅशेलचा, एक ताराचा. ‘संभाव्य दुहेरी व्यक्ती’ शोधणाऱ्या टूलने ही जोडी यादीत वर आणली आणि ती मर्ज झाली, म्हणजे दोन नोंदींची एक झाली. खरी मेख साउंडेक्समध्ये, म्हणजे उच्चारावरून नावं जुळवणाऱ्या पद्धतीत, आहे. साउंडेक्सला फक्त रोमन अक्षरं कळतात. देवनागरी नाव त्याला रिकामं दिसतं, त्यामुळे सगळी देवनागरी नावं त्याच्या लेखी ‘सारखी’ ठरतात. देवनागरीत डेटा भरणाऱ्यांनी साउंडेक्सची खूण काढून टाकावी आणि जुळणीची पातळी ‘हाय’वर ठेवावी. दुसरी गोम अशी की मर्जनंतर मृत्यूच्या दोन्ही नोंदी शिल्लक राहतात, पण मुख्य मृत्यू एकच धरला जातो. दुसरी नोंद इव्हेंट्सच्या यादीत गुपचूप पडून असते, म्हणून चूक लगेच डोळ्यांवर येत नाही.

दुरुस्ती अशी. अनडू फक्त चालू सत्रापुरता चालतो, तेव्हा मर्जच्या आधीचा बॅकअप उघडा. नव्या भरलेल्या नोंदी हाताने परत टाका. मग प्रत्येक गॉर्मलाथच्या नावातल्या ‘सफिक्स’ रकान्यात मृत्युवर्ष लिहा: †८६१, †९४८, †१०३०. ग्रॅम्प्स आयडीतही तेच वर्ष घाला. सध्या सिट्रिक, माएल मुरे आणि फ्लान या नावांनाही हाच नियम लावलाय. फ्लान हे नाव तर बायकांचंही असतं. फ्लान शिन्नाच्या आईची, दुंगलच्या मुलीची, ८९० सालची नोंद फ्लान नावानेच आहे. तिलाच लान असंही म्हणतात. लिंगाचा रकाना नावावरून भरणाऱ्यांसाठी हा मोठा खड्डा.

जालावर फुकट मिळणाऱ्या तयार गेडकॉम (वंशावळीच्या) फायलींबद्दल आता मत पक्कं झालंय: घेऊ नका. त्यात सायटेशन नसतं, आणि राण्यांना ‘सुमारे’वाली जन्मवर्षं खुशाल चिकटवलेली असतात. या बायकांच्या जन्माची नोंद अ‍ॅनल्समध्ये नाही, मग वर्ष आलं कुठून? कॉर्क विद्यापीठाच्या ‘सेल्ट’ संग्रहात अ‍ॅनल्सचा मूळ मजकूर मोफत आहे. वेळ लागतो, पण प्रत्येक नोंदीला दाखला मिळतो.

तिथेही सनांचा घोळ आहेच. अल्स्टरच्या हस्तलिखितात अकराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सन एकाने मागे आहे. छापील आवृत्तीत आणि सेल्टवर तो दुरुस्त केलेला असतो, तेव्हा पुन्हा एक मिळवू नका. ‘फोर मास्टर्स’ या दुसऱ्या अ‍ॅनल्सची तफावत तर स्थिरही नाही. नीअलचा मृत्यू तिथे ९१७ (अल्स्टर ९१९), गॉर्मलाथचा ९४६ (अल्स्टर ९४८), क्लोनटार्फची लढाई १०१३ (खरं १०१४), आणि १०३० पर्यंत फरक संपतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन आला, अशी सोय इथे नाही (तिथेही वर्षाच्या शेवटी ७९ होतातच म्हणा). म्हणून प्रत्येक तारखेच्या नोटमध्ये अ‍ॅनल्सचं नाव लिहायचंच.

आता तिसऱ्या गॉर्मलाथचं भिजत घोंगडं. एका जुन्या चार ओळींच्या कवितेत म्हटलंय की तिने तीन उड्या मारल्या: डब्लिनला, ताराला आणि कॅशेलला. डब्लिन म्हणजे आमलाव, कॅशेल म्हणजे ब्रायन. या दोन्ही उड्यांना मुलांचा पुरावा आहे. ताराची उडी माएल सेख्नलकडे जाते. पण १०२१ साली मेलेली त्याची बायको अ‍ॅनल्समध्ये माएल मुरे आहे, आमलावची मुलगी. म्हणून काही जण ताराची उडी साफ नाकारतात. ते पटत नाही. आयरिश कायद्यात एकाच वेळी ‘केत्मुन्टेर’ (पट्टराणी) आणि दुय्यम बायको असू शकत होती. ब्रायनचंच बघा, १००९ साली दुव खोवली ही त्याची बायको म्हणूनच मेल्याची नोंद आहे. तेव्हा माएल मुरे होती यावरून गॉर्मलाथ नव्हती असं सिद्ध होत नाही. जास्त वजनदार शंका वेगळीच आहे. तीन राजांची राणी हा साचा आधीच्या, ९४८च्या गॉर्मलाथचा आहे. तो हिच्यावर घसरला असावा. म्हणजे हे मर्ज आपल्या आधी मध्ययुगातच कुणीतरी करून ठेवलं असेल!

फाइलमध्ये सध्याची मांडणी: माएल सेख्नलबरोबर कुटुंब केलंय, नात्याचा प्रकार ‘अज्ञात’, सायटेशनचा भरवसा ‘लो’, विवाहाचा इव्हेंट नाही. आमलावबरोबर ‘९८१ पूर्वी’, कारण ९८०च्या पराभवानंतर तो आयोना बेटावर गेला आणि तिथेच वारला. ब्रायनबरोबर ‘९९९ नंतर’ लिहायचा मोह होतो, कारण ब्रायनने लेन्स्टर आणि डब्लिनला हरवलं ती ग्लेनमामाची लढाई त्या साली झाली. पण तसं धरलं तर १०१४ मध्ये क्लोनटार्फनंतर सैन्य घरी नेणारा दोन्खाध फार तर चौदा वर्षांचा ठरतो. म्हणून ‘९८१ ते १०१४ दरम्यान’ एवढंच.

नातं काढणाऱ्या टूलला सावत्र नाती नीट कळत नाहीत, आणि इथे तर सावत्र नात्यांचंच राज्य आहे. माएल सेख्नलची आई दोन्लाथ पुढे आमलावची बायको झाली. म्हणजे ताराची उडी खरी धरली, तर त्याने आईच्या नवऱ्याच्या विधवेशी लग्न केलं. सिट्रिकने ब्रायनच्या मुलीशी, म्हणजे आईच्या नवऱ्याच्या मुलीशी, लग्न केलं. आणि शंभर वर्षं आधी नीअल ग्लूनदुवनेही हेच केलं होतं. त्याची आई माएल मुरे (स्कॉटलंडच्या किनाएध मॅक आल्पिनची मुलगी, मृत्यू ९१३) एध फिंदलियाथनंतर फ्लान शिन्नाची बायको झाली, आणि नीअलने त्याच फ्लानची मुलगी गॉर्मलाथ केली. ही सगळी नाती ‘असोसिएशन’मध्ये हाताने टाकावी लागतात, दोन्ही बाजूंनी.

‘विवाहित नाव’ हा रकाना मात्र रिकामाच ठेवा. आपल्या कुलवृत्तांतात माहेरचं नाव शोधताना जीव जातो. इथे उलट आहे: राणी तीन राजांच्या घरात गेली तरी अ‍ॅनल्स तिला ‘इंगेन’ अमुक, म्हणजे अमुकची मुलगी, असंच ओळखतात. वडिलांचं नाव पॅट्रॉनिमिक म्हणून घाला.

छोटं यश: देवनागरी चार्ट अखेर नीट छापला. थेट पीडीएफ काढलं की जोडाक्षरं तुटत होती. एसव्हीजी काढून ती ब्राउझरमधून छापली की ‘ग्लूनदुव’ अखंड येतो. आणि आयरिश ‘सीएच’साठी ‘ख’ आहे, हे रोमनपेक्षा बरं.

पुढे थेट ११५२ च्या राणी देर्वोर्गिलाकडे जायचं ठरलं होतं. आता ते थांबवतोय. वरची असोसिएशन्स भरताना सुचलं की ग्राफ उलटाच काढावा: घराणी म्हणजे बिंदू, राण्या म्हणजे रेषा. क्लान खोल्माइन (फ्लान आणि माएल सेख्नल यांचं), उत्तरेचे ई नेल (नीअलचं), लेन्स्टर, डब्लिन, दाल गॅश (ब्रायनचं). †१०३० ची एकटी रेषा लेन्स्टर, डब्लिन आणि दाल गॅश यांना जोडते, ताराची तुटक रेषा काढली तर क्लान खोल्माइनलाही. ग्राफव्हिझ या ग्राफ काढणाऱ्या प्रोग्रॅमची फाइल हाताने लिहावी लागेल. खात्रीची लग्नं अखंड रेषेने, ‘लो’ भरवशाची तुटक. आधी ८६१ ते १०३० एवढाच तुकडा, मग बनशेन्हस या बायकांच्या मध्ययुगीन यादीतली बाकीची नावं.