विहिरीतली बुडी आणि मुल्कीची लाट

परभणीजवळच्या आमच्या मळ्यातील विहिरीत, पाठीला सुका भोपळा बांधून मी पोहायला शिकलो. त्यामुळे कर्नाटकातील मुल्कीच्या किनाऱ्यावर सर्फिंग (फळीवर उभे राहून लाटेवरून घसरत येणे) शिकताना पाण्याची भीती वाटली नाही, मात्र फुटत्या लाटेने ९ फुटी सर्फबोर्ड हातातून हिसकावला, तेव्हा विहिरीतले पोहणे किती अपुरे आहे हे कळले. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण १.३ पट उरली की लाट फुटते, म्हणून फुटत्या लाटांपलीकडे आत जाण्यासाठी, ती जेथे फुटत नाही अशी खोल वाट आधी किनाऱ्यावरूनच हेरावी आणि मोठ्या लाटांची रांग ओसरल्यावर निघावे. तरीही लाट समोर आलीच, तर बोर्डाचे टोक तिच्याकडे सरळ ठेवावे. आडवा बोर्ड ती थेट अंगावर फेकते. लहान बोर्ड दाबून पाण्याखाली नेता येतो. लांब बोर्ड तसा बुडत नाही. तेव्हा दोन्ही कडा घट्ट धरून, बोर्डासह उलटे होऊन लाट वरून जाऊ द्यावी, मग सुलटे होऊन लगेच हात मारावेत. बोर्ड सोडून बुडी मारण्याचा मोह (मला तो विहिरीमुळे फार होई) टाळावा, कारण बोर्ड दोरीने घोट्याला बांधलेला असला तरी सुटलेला बोर्ड मागच्या माणसाच्या डोक्यावर आदळू शकतो.