तिच्या पिशवीतली यादी

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून माउलींच्या पालखीचे प्रस्थान होते. त्याच्या दोन दिवस आधी मी पत्नीची वारीची पिशवी माळ्यावरून खाली काढली. आमचा संसार 44 वर्षांचा. मुले मार्गी लागल्यावर तिने 11 वाऱ्या पायी केल्या आणि त्या प्रत्येक वेळी मी तिला आळंदीपर्यंत पोचवून घरी परतलो. पिशवीच्या आतल्या कप्प्यात, घड्यांवर फाटू लागलेला वहीचा एक कागद सापडला. त्यावर तिच्या तिरप्या अक्षरात यादी होती : दोन सुती साड्या, टाळ, तांब्या, प्लास्टिकचा कागद, हळदीची पुडी, सुई-दोरा, आणि सगळ्यांत खाली, 'ह्यांच्या गोळ्या – चिठ्ठी फ्रिजवर'.

साड्या सोडून बाकी यादीप्रमाणे मी पिशवी भरली. सुई-दोराही वगळला. वाटेत शर्टाचे बटण तुटले तर तुटले, असा माझा हिशेब होता.

तिच्याच दिंडीत मला जागा मिळाली. ही दिंडी रथामागे चालते. पहिल्या दिवशी पायांपेक्षा संकोचच जास्त जाणवला, कारण वारीत लहानथोर सगळे एकमेकांना 'माउली' म्हणतात, एकमेकांच्या पाया पडतात, आणि मला दोन्हींची सवय नव्हती. मी आयुष्यभर बायकोलासुद्धा 'ऐकलंस का' एवढ्यावरच भागवले होते. पुण्यातला मुक्काम आटोपून एकादशीला सासवडची वाट धरली, तेव्हा मात्र संकोच करायला सवड उरली नाही. तीस किलोमीटरहून जास्त अशी ही सगळ्यांत लांबची मजल, त्यात उपवास, आणि शेवटी दिवे घाटाची चढण. घाटात पावसाची सर आली. पुढे वळणावळणांवर पताका आणि डोक्यावरच्या तुळशी वर सरकताना दिसत होत्या, मागे पाहावे तर रांगेचे शेपूट दिसत नव्हते. भिजलेल्या मोज्यात उजवी टाच घासली जात होती, ते मला कळत होते. पण थांबायचे कसे आणि कुठे, हे कळत नव्हते.

सासवडला, सोपानकाकांच्या गावी, राहुटीत मोजा काढला तेव्हा टाचेवर लिंबाएवढा फोड आला होता. मी तो कुणाला दिसू नये म्हणून पाय आखडून बसलो. समोर भाकरी थापणाऱ्या एका आजींच्या नजरेतून तो सुटला नाही. त्यांनी हात धुतले, पदराच्या गाठीतून सुई काढली, ती शेगडीच्या जाळावर धरली आणि पांढरा दोरा ओवून फोडाच्या एका कडेने आत घालून दुसऱ्या कडेने बाहेर काढली. पाणी ठिबकले. दोरा त्यांनी आतच ठेवला आणि दोन्हीकडे बोटभर टोके सोडून कापला.

"दोरा राहू द्या, माउली. त्याच्यावाटं पाणी झिरपतं, कातडी निघत नाही. उद्या चालाल," त्या म्हणाल्या, आणि हळद लावता लावता माझ्याकडे निरखून बघत त्यांनी विचारले, "तुम्ही सुईवाल्या काकूंचे मालक ना?"

मला क्षणभर उलगडा झाला नाही. मग आजूबाजूच्या तिघी-चौघी बोलू लागल्या. रोज संध्याकाळी हरिपाठ झाला की माझी बायको पिशवीतला सुई-दोरा काढून बसत असे आणि दिंडीतली माणसे तिच्यापुढे पाय करून ओळीने बसत असत. आजींच्या हाताला ही कला तिच्यामुळेच आली होती. घरी तिला भाजी निवडतानासुद्धा चष्मा लागे आणि त्यावरून मी तिची चेष्टा करीत असे. कंदिलाच्या उजेडात परक्या माणसांची पावले मांडीवर घेऊन बसलेली ती मला डोळ्यांपुढे आणता येईना. नंतर आली, आणि तेव्हापासून दुसरी कुठली फारशी येतच नाही.

वारीहून परतल्यावर ती सांगत नसे, असेही नाही. लोणंदच्या तळावर मी समाजआरतीला उभा होतो. चहूबाजूंनी हजारो टाळ वाजत असताना चोपदारांनी दंड उंचावून 'हो' असा पुकारा केला आणि सगळा तळ एका क्षणात निःशब्द झाला. तक्रार असलेल्या दिंडीने तेवढे टाळ वाजवत राहायचे, म्हणजे चोपदार तिकडे जातात. मग हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारल्या गेल्या. हे सारे मला आधीपासून ठाऊक होते, कारण ती ते दर वर्षी सांगत असे आणि मी वर्तमानपत्र खाली न ठेवता 'हं' म्हणत असे. ऐकलेले एवढे नीट लक्षात राहिले होते, याचे मलाच आश्चर्य वाटले.

तिची सोबत म्हणावी अशी वारी मी एकच केली. 2020 साली साथीमुळे पायी वारी झाली नाही आणि पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. त्या वर्षी ती रोज पहाटे स्वयंपाकघर ते गॅलरी अशा फेऱ्या घाली. "आज वाल्हे," असे जेवताना सांगे. एकदा चहाचा कप मी तिच्या वाटेत धरला, तर तिने तो चालता चालताच घेतला आणि अगदी सहज म्हणाली, "माउली, साखर कमी झाली." मी हसलो होतो. वाल्ह्याला खरोखर पोचलो तेव्हा रस्त्याकडेला कुणी तरी हातावर चहाचा कागदी पेला ठेवला, तो मला बराच वेळ पिता आला नाही.

एक वारी तिने आपणहून चुकवली होती. मुलीचे पहिले बाळंतपण नेमके ज्येष्ठात आले. मीच म्हटले, की आठ दिवसांनी जाऊन वाटेत दिंडी गाठ. त्यावर ती म्हणाली, "विठ्ठल थांबेल, बाळंतीण थांबायची नाही." आणि पिशवी माळ्यावर गेली. मुलीला ही गोष्ट मी आजवर सांगितली नव्हती. वाखरीच्या मुक्कामी ती मला भेटायला आली, तेव्हा सांगितली. दुसऱ्या दिवशी ती पंढरपूरपर्यंत माझ्यासोबत चालली आणि वाटभर तिने आईचा टाळ हातातून सोडला नाही. तो तिला धड वाजवता येत नव्हता, ही गोष्ट वेगळी.

एकादशीला चंद्रभागेत स्नान करून आम्ही कळसाचे दर्शन घेतले. रांगेत उभे राहण्याचे त्राण माझ्यात नव्हते, आणि तीसुद्धा बहुतेक वर्षी कळसालाच हात जोडून परतत असे. वाळवंटात पथारी टाकून बसलो तेव्हा मुलीने माझे पाय पाहिले. सासवडच्या फोडाची जागा वाळली होती, पण डाव्या चवड्यावर नवा फोड तटतटून आला होता. "बाबा, कशाला एवढा त्रास करून घेता?" ती म्हणाली.

तिच्या आईची पावले पाहून हेच वाक्य, जवळजवळ याच शब्दांत, मी दर वर्षी म्हणत आलो होतो. आई त्यावर काय उत्तर देई, ते मी आठवू लागलो. ती काहीच बोलत नसे.

"तुझ्याकडे सुई-दोरा आहे का?" मी मुलीला विचारले.